सुदूर मानचित्रण व पर्माकल्चर नियोजन

जमिनीशी प्रत्यक्ष संपर्क न येता विमान, कृत्रिम उपग्रह किंवा ड्रोन यांवरील उपकरणांच्या साहाय्याने भूपृष्ठाच्या प्रतिमा व उंची यांची नोंद करून तीवरून नकाशे तयार करण्याच्या तंत्रास सुदूर मानचित्रण म्हणतात. पर्माकल्चर (चिरस्थायी कृषिपद्धती) ही पाणी, मृदा, वृक्ष, पिके, जनावरे व मनुष्यवस्ती यांची एकमेकांस पूरक अशी मांडणी करून जमिनीची उत्पादनक्षमता दीर्घकाळ टिकविणारी नियोजनपद्धती आहे. या पद्धतीत झाड कोठे लावावे, तळे कोठे खणावे व वाट कोठून न्यावी हे आधी ठरवावे लागते. एकदा खणलेले तळे हलविता येत नाही आणि चुकीच्या जागी घातलेला बांध पहिल्याच मोठ्या पावसात फुटून खालच्या शेताची माती वाहून नेतो. म्हणून जमिनीचा उतार व पाण्याची वाट यांचे पूर्वज्ञान या नियोजनाचा पाया ठरतो. हे ज्ञान पुरविण्यासाठी सुदूर मानचित्रणाचा उपयोग होतो.

इतिहास : पर्माकल्चर ही संज्ञा ऑस्ट्रेलियातील बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन यांनी रूढ केली. त्यांचा पर्माकल्चर वन हा ग्रंथ १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. तथापि जमिनीच्या आकारावरून शेतीची आखणी करण्याची कल्पना त्याहून जुनी आहे. न्यू साउथ वेल्समधील पी. ए. यीओमन्स यांनी द कीलाइन प्लॅन (१९५४) या पुस्तकात ती पद्धतशीरपणे मांडली. दरीच्या माथ्याकडील तीव्र उतार जेथे संपून सौम्य उतार सुरू होतो, त्या बिंदूस त्यांनी कळीचा बिंदू मानले. या बिंदूतून जाणाऱ्या समोच्च रेषेला समांतर नांगरट केल्यास दरीत एकवटणारे पाणी दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांकडे पसरते व जमिनीत मुरते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हवामान, भूरूप, पाणी, रस्ते, वृक्ष, इमारती, अंतर्गत विभागणी व मृदा असा चिरस्थायित्वाचा उतरता क्रमही त्यांनी दिला. ज्या घटकात बदल करणे सर्वांत कठीण, त्याचा विचार सर्वांत आधी करावयाचा, हे या क्रमामागील तत्त्व होय. पुढे पर्माकल्चरने हा क्रम बव्हंशी स्वीकारला.

या पद्धतीस समोच्च रेषांचा नकाशा अनिवार्य असतो आणि तो नेमका सामान्य शेतकऱ्याजवळ नसतो. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे स्थलवर्णनात्मक नकाशे उत्कृष्ट असले, तरी त्यांवरील दोन समोच्च रेषांमधील उंचीचे अंतर सामान्यतः २० मी. असते. दोनचार हेक्टरांचे शेत अशा दोन रेषांच्या दरम्यान पूर्णपणे बसू शकते. सुदूर मानचित्रणाच्या वाढीमुळे ही उणीव हळूहळू भरून निघाली.

बलूनमधून पहिले हवाई छायाचित्र नादार या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ मध्ये घेतले. दोन्ही महायुद्धांत या तंत्राची मोठी प्रगती झाली. २३ जुलै १९७२ रोजी अमेरिकेने सोडलेल्या लँडसॅट–१ या उपग्रहामुळे भूपृष्ठाचे नियमित निरीक्षण सुरू झाले. भारतात डेहराडून येथे १९६६ मध्ये हवाई छायाचित्रांच्या अर्थबोधनाचे शिक्षण देणारी संस्था निघाली. १९७० च्या सुमारास पी. आर. पिशारोटी यांच्या मार्गदर्शनाखाली केरळातील रोगग्रस्त नारळबागांचे अवरक्त छायाचित्रण करण्यात आले. हा भारतातील सुदूर संवेदनाचा आरंभीचा प्रयोग मानला जातो. राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेची स्थापना १९७४ मध्ये झाली आणि आयआरएस–१ए हा भारताचा पहिला कार्यकारी सुदूर संवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून सोडण्यात आला. त्याच वर्षी नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन झाले.

तत्त्व : सूर्यप्रकाश भूपृष्ठावर पडला असता त्याचा काही भाग शोषला जातो व काही परावर्तित होतो. परावर्तनाचे प्रमाण पदार्थाप्रमाणे व तरंगलांबीप्रमाणे बदलते. हिरव्या पानांतील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषून घेते, तर पानांची अंतर्गत रचना निकट अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत पाठविते. उघड्या मातीच्या बाबतीत या दोहोंत फारसा फरक पडत नाही. स्वच्छ पाणी निकट अवरक्त किरण जवळजवळ पूर्णपणे शोषते व म्हणून अशा प्रतिमेत काळे दिसते. निकट अवरक्त व तांबड्या परावर्तनांतील फरकास त्यांच्या बेरजेने भागले असता वनस्पती-निर्देशांक मिळतो. उदा., दाट झाडीचे परावर्तन अनुक्रमे ०·४५ व ०·०५ असल्यास निर्देशांक ०·८ येतो. उघड्या मातीचे ०·२५ व ०·२० असल्यास तो सु. ०·११ एवढाच भरतो. एकाच शेताचा निर्देशांक ऑक्टोबर ते मे या काळात क्रमाने काढला, तर कोणत्या भागात ओल टिकते व कोणता भाग प्रथम सुकतो हे नकाशावर दिसू लागते.

उंची मोजण्याच्या तीन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत एकाच भूभागाची दोन भिन्न स्थानांवरून छायाचित्रे घेतात. मनुष्याच्या दोन डोळ्यांना जशी खोली जाणवते, तशी या छायाचित्रांतील स्थानभेदावरून उंची गणिताने काढता येते. ५ मे २००५ रोजी सोडलेला भारताचा कार्टोसॅट–१ उपग्रह याच तत्त्वावर पुढे व मागे रोखलेल्या दोन कॅमेऱ्यांनी काम करीत असे. दुसऱ्या रीतीत रडार तरंगांचा उपयोग करतात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने ११ दिवसांत ६०° उत्तर ते ५६° दक्षिण या अक्षवृत्तांमधील भूमीची उंची अशा प्रकारे मोजली. तिसऱ्या रीतीत लेसर किरणांचे स्पंद जमिनीवर सोडून ते परत येण्यास लागणारा वेळ मोजतात. हिला लिडार म्हणतात. लेसर स्पंदांपैकी काही पानांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोहोचतात, त्यामुळे झाडीखालील भूपृष्ठाचा आकार समजण्यास ही रीत विशेष उपयुक्त आहे.

विभेदन : प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन जमिनीवर जेवढी जागा व्यापतो, त्यावरून प्रतिमेचे विभेदन ठरते. लँडसॅट–१ च्या प्रतिमेतील चौकोनाची बाजू सु. ८० मी. होती, म्हणजे एका चौकोनात ६३ गुंठे, दीड एकराहून अधिक जमीन सामावत असे. अशा प्रतिमेवरून जिल्ह्याचे चित्र स्पष्ट होते, शेताचे होत नाही. लँडसॅटच्या पुढील उपग्रहांवर ही बाजू ३० मी. (सु. ९ गुंठे) झाली. यूरोपीय सेंटिनेल–२ मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ मध्ये सोडण्यात आला. त्याच्या दृश्य व निकट अवरक्त प्रतिमांत ती १० मी., म्हणजे साधारण एक गुंठा आहे. लँडसॅटच्या प्रतिमा २००८ पासून विनामूल्य मिळू लागल्या व सेंटिनेलच्या प्रतिमाही विनामूल्यच मिळतात. त्यामुळे एके काळी केवळ शासकीय संस्थांना परवडणारी ही साधने शेतकरी गट व स्वयंसेवी संस्था यांच्या आवाक्यात आली.

ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांत विभेदन याहून कितीतरी सूक्ष्म असते. १०० मी. उंचीवरून उडणाऱ्या साध्या सर्वेक्षण ड्रोनच्या छायाचित्रातील एक चौकोन सु. २·७ सेंमी. जमीन दाखवितो. लागोपाठची छायाचित्रे उड्डाणदिशेत ७५ ते ८० टक्के व बाजूंस ६० ते ७० टक्के एकमेकांवर येतील अशी घेतात आणि त्यांवरून संगणकाद्वारे त्रिमितीय भूरूप तयार करतात. जमिनीवर काही ठिकाणी खुणा करून त्यांचे स्थान व उंची अचूक उपकरणाने मोजलेली नसल्यास हे भूरूप दिसावयास सुबक, परंतु कडेला वाकलेले किंवा एका अंगास कललेले असण्याचा संभव असतो.

नियोजनाची रीत : प्रथम शेतापुरता नव्हे, तर शेतात पाणी वाहून आणणाऱ्या संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा नकाशा घेतात. उंचीच्या आकडेवारीतील प्रत्येक चौकोनाभोवतीचे आठ शेजारी तपासून पाणी कोणत्या बाजूस वाहील हे संगणकाने ठरवितात व त्यावरून ओघळ, नाले आणि जलविभाजक यांच्या रेषा काढतात. नंतर उताराचा नकाशा करतात. सौम्य उतारावर समतल चर व बांध घालता येतात. तीव्र उतार गवत व वृक्ष यांच्या आच्छादनासाठी राखून ठेवणे श्रेयस्कर असते.

यानंतर पाण्याचा हिशोब मांडतात. एक हेक्टर क्षेत्रावर एक मिमी. पाऊस पडला, तर १० घ. मी. म्हणजे १०,००० लि. पाणी मिळते. एखाद्या शेताच्या वर ४ हे. पाणलोट असून तेथे वर्षास ५०० मिमी. पाऊस पडत असेल, तर एकूण पाणी २०,००० घ. मी. होते. त्यापैकी पंचमांश वाहून येते असे मानल्यास ४,००० घ. मी. पाणी शेताच्या माथ्याशी पोहोचते. वर ३० मी. × ३० मी., खोली ३ मी. व बाजूंचा उतार १ : १ अशा शेततळ्यात २,१९६ घ. मी. पाणी मावते. म्हणजे असे तळे भरून सु. १,८०० घ. मी. पाणी पुढे वाहील. सांडव्याची जागा तळ्याच्या जागेइतकीच विचारपूर्वक निवडली पाहिजे, हा या हिशोबाचा निष्कर्ष होय. बाष्पीभवन व पाझर यांमुळे तळ्यातील सर्व पाणी वापरावयास मिळत नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

पर्माकल्चरमध्ये वस्तीपासूनच्या अंतराप्रमाणे जमिनीचे पट्टे पाडतात. दररोज लक्ष द्यावे लागणारी परसबाग घराजवळ, त्यापलीकडे फळझाडे व कोंबड्या, नंतर मुख्य पिके, मग चराऊ कुरणे व लाकूडफाट्याची झाडे आणि सर्वांत शेवटी निसर्गावर सोडलेला पट्टा अशी सर्वसाधारण मांडणी असते. याशिवाय ऊन, वारा, वणवा व पूर ज्या दिशांनी येतात, त्या दिशांचे विभाग नकाशावर दाखवितात. उतार व दिशा यांवरून प्रत्येक जागेवर पडणाऱ्या उन्हाचा अंदाज करता येतो. १९° उत्तर अक्षवृत्तावर २२ डिसेंबरच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस क्षितिजापासून सु. ४७·५° उंचीवर असतो. त्यामुळे हिवाळ्यात टेकडीच्या उत्तर उतारावर ऊन तिरपे पडते, ओल अधिक काळ राहते आणि तेथे कोवळी रोपे जगविणे सोपे जाते.

दख्खनच्या पठारावरील उपयोग : महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्टच्या थरांनी बनलेला आहे. सच्छिद्र व भेगाळ थरांत पाणी मुरते. घट्ट थर ते अडवून धरतात. उपग्रहप्रतिमेत सरळ रेषेत जाणारे नाले किंवा झाडीचे पट्टे खडकांतील भेगांची जागा सूचित करतात. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत असलेल्या भित्ती-खडकांच्या लांबच लांब रांगा प्रतिमांवर ठळकपणे दिसतात. असे खडक भूजलाच्या प्रवाहास आडवे आल्यास वरच्या बाजूस पाणी साठते, तर खालच्या बाजूच्या विहिरी कोरड्या राहू शकतात. त्यामुळे तळे पाणी साठविण्यासाठी आहे की मुरविण्यासाठी, हे ठरविताना अशा खुणांचा उपयोग होतो.

भारतीय अवकाश संशोधन संघटनेने १९९२ मध्ये हाती घेतलेल्या शाश्वत विकासाच्या एकात्मिक कार्यक्रमात उपग्रहप्रतिमांवरून मृदा, भूरूप, भूजल व भूमी-उपयोग यांचे नकाशे एकमेकांवर ठेवून स्थानपरत्वे उपाय सुचविण्यात आले. नकाशांचे थर एकमेकांवर ठेवून निर्णय घेण्याची ही रीत व पर्माकल्चरची रीत यांत तत्त्वतः भेद नाही. भेद प्रमाणाचा आहे : एक जिल्हा वा पाणलोट पाहते, तर दुसरी बांध व झाड पाहते. भारतात पर्माकल्चरचा प्रसार १९८० नंतरच्या दशकात दख्खनमध्येच, विशेषतः आजच्या तेलंगणच्या कोरडवाहू भागात झाला आणि २०१७ मध्ये या विषयाचे आंतरराष्ट्रीय संमेलन हैदराबाद येथे भरले.

या प्रदेशात प्रतिमा कोणत्या ऋतूत घेतली आहे यास फार महत्त्व आहे. पावसाळ्यात आकाश ढगाळ असल्याने प्रकाशीय प्रतिमा क्वचितच स्वच्छ मिळते. ऑक्टोबर–नोव्हेंबरमधील प्रतिमेत सारा माळ हिरवा दिसतो, तर मे महिन्यातील प्रतिमेत फक्त बागायत, खोल मुळांची झाडे व नाल्याकाठची ओल तेवढी उठून दिसते. एकाच प्रतिमेवर विसंबून केलेले नियोजन म्हणून फसवे ठरते.

मर्यादा : विनामूल्य मिळणाऱ्या उंचीच्या आकडेवारीत काही मीटरांची चूक असू शकते. एक टक्का उताराच्या जमिनीवर ३० मी. अंतरात उंचीचा फरक केवळ ३० सेंमी. असतो. मोजणीतील चूक मोजावयाच्या राशीहून अनेक पटींनी मोठी असल्यामुळे या आकडेवारीवरून पाणलोटाची सीमा काढता येते, परंतु चर आखता येत नाही. १०० मी. लांबीच्या व ३० सेंमी. खोलीच्या समतल चराचे एक टोक १० सेंमी. खाली गेले, तर पाणी चरभर पसरण्याऐवजी त्या टोकाशी साचते आणि तेथूनच बांध फुटतो. याकरिता अंतिम आखणी जमिनीवर ए-फ्रेम, पाण्याची पारदर्शक नळी किंवा दुर्बिणीचे पातळीयंत्र यांनीच करावी लागते. नकाशाने जागा सुचवावी व पातळीयंत्राने ती निश्चित करावी, असा अनुभवसिद्ध नियम आहे.

ड्रोनच्या छायाचित्रांवरून मिळणारी उंची झाडाच्या शेंड्याची किंवा उभ्या पिकाची असते, जमिनीची नव्हे. म्हणून सर्वेक्षण शक्यतो पिकांच्या कापणीनंतर करतात. उपग्रहीय स्थाननिश्चिती यंत्र दाखविते ती उंची गणिती लंबगोलापासूनची असते. ती व समुद्रसपाटीपासूनची उंची यांत महाराष्ट्रात ६० मी.च्या आसपास फरक पडतो. एका नकाशात दोन्ही प्रकारच्या उंच्या मिसळल्यास मोठा घोटाळा होतो. तसेच प्रवाहरेषा काढण्यापूर्वी संगणक आकडेवारीतील खळगे भरून काढतो. या प्रक्रियेत गावातील खरे तळेही सपाट मैदान ठरण्याचा धोका असतो.

याहून गंभीर मर्यादा प्रतिमेच्या अर्थबोधनाची आहे. प्रतिमेत विरळ गवताचा माळ ‘पडीक’ म्हणून गणला जातो. प्रत्यक्षात तो गायरान असून मेंढपाळांच्या कळपांचा आधार असतो. तेथे दाट वृक्षलागवडीची योजना केल्यास नकाशावरील हिरवा रंग वाढतो, परंतु माळरानाचे पशुपक्षी व चराईचा हक्क दोन्ही नाहीसे होतात. नकाशा जमिनीची मालकी, वहिवाटीची वाट किंवा विहिरीतील वाटा दाखवीत नाही. वरच्या शेतकऱ्याने अडविलेले पाणी खालच्याचे असू शकते, हा प्रश्नही उताराच्या नकाशावरून सुटत नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीच्या क्षेत्रावर न ठरविता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरविला गेला, भूमिहीनांनाही त्यात स्थान मिळाले आणि उसासारखे अतिपाण्याचे पीक वर्ज्य करण्यात आले. पाणी किती आहे हे मोजणीने कळते; ते कोणाचे हे गावाने ठरवावे लागते, याचे हे बोलके उदाहरण होय. यासाठी नकाशाचा कच्चा आराखडा गावकऱ्यांसमोर ठेवून, म्हाताऱ्या शेतकऱ्यांकडून पूररेषा, जुने झरे व बुजलेले ओढे त्यावर भरून घेण्याची पद्धत हितावह ठरते.

नियम : भारतात पूर्वी नकाशे व हवाई छायाचित्रे यांवर कडक निर्बंध होते. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्था यांना मानचित्रणासाठी पूर्वपरवानगी घेण्याची अट बव्हंशी काढून टाकली. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हरित क्षेत्रात सु. १२० मी. उंचीपर्यंतच्या उड्डाणास वेगळी परवानगी लागत नाही. मात्र नोंदणी व चालकाच्या पात्रतेविषयीचे नियम लागू असतात. संवेदनशील स्थळांजवळ निर्बंध कायम आहेत.

सुदूर मानचित्रणामुळे लहान शेतकऱ्यासही आपल्या शेताच्या पलीकडचा पाणलोट पाहण्याची सोय झाली, हे या तंत्राचे मुख्य श्रेय आहे. चर खणल्यानंतर दोनतीन पावसाळ्यांतील प्रतिमा ताडून पाहिल्यास ओल खरोखर वाढली किंवा नाही हेही तपासता येते. मात्र पाऊस दरवर्षी सारखा नसल्यामुळे अशी तुलना करताना जवळच्याच, चर न खणलेल्या जमिनीची प्रतिमा सोबत घ्यावी लागते. तसे न केल्यास चांगल्या पावसाचे यश योजनेच्या खाती जमा होते आणि दुष्काळाचा दोषही विनाकारण तिच्याच माथी येतो.